वादळात एसीच्या आउटडोअरला प्लास्टिक गुंडाळावं का?

प्रश्न : आमच्या एसीचं आउटडोअर युनिट गच्चीवर लोखंडी स्टँडवर आहे. वादळाचा इशारा आला की आम्ही त्याला प्लास्टिक गुंडाळून दोरीनं बांधतो. तरीही मागच्या वादळात ते स्टँडसकट वीतभर सरकलं आणि कॉपर पाईप वाकला. दुरुस्ती झाली आहे. पुढच्या वेळी कव्हर कोणतं घ्यावं? घरात स्टॅबिलायझर आहे, म्हणजे विजेची काळजी मिटली ना?

उत्तर : ‘स्टँडसकट’ या तुमच्या शब्दापाशीच मी थांबलो. युनिट स्टँडला आवळलेलं होतं, पण स्टँड कशालाच धरलेलं नव्हतं. एसी बसवण्या-दुरुस्तीच्या कामात अशी नुसती टेकवलेली स्टँड मला गच्चीगच्चीवर दिसतात आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि तीसेक किलोचा तो डबा कठड्यावरून खाली गेला तर कोणाच्या डोक्यात पडेल, सांगता येत नाही.

म्हणून कव्हरचा विचार नंतर, आधी पाया. स्टँडच्या पायांखाली जड काँक्रीटचे ओटे करून घ्या आणि पाय अँकर फास्टनरनं (काँक्रीटमध्ये घट्ट रुतणाऱ्या बोल्टनं) त्यात पक्के करा. गच्चीच्या स्लॅबला थेट भोकं पाडू देऊ नका, वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या खोलीत गळती सुरू होते. जोडीला युनिटपासून जवळच्या आरसीसी खांबापर्यंत स्टीलची वायररोप ताणून घ्या. स्टँड जितकं बुटकं तितकं बरं. ज्यांचं युनिट भिंतीवर आहे त्यांनी ब्रॅकेटखाली गंजाचे तपकिरी ओघळ उतरलेत का ते पाहावं. दिसले तर बोल्टना आतून गंज खात चालला आहे असं समजा आणि पावसाळ्याआधीच बदला.

पाईप वाकला होता, तर एवढं मेकॅनिकला जरूर विचारा : चेपलेला तुकडा कापून नवा जोडला, की हातानं सरळ केला? चेपलेलं तांबं सरळ केलं तरी त्या जागी कमकुवतच राहतं आणि थरथरीनं पुढे तिथूनच चीर जाते.

आता प्लास्टिक. आउटडोअर पाऊस झेलण्यासाठीच बनवलेलं असतं, त्याला भिजण्याचं भय नाही. गुंडाळलेल्या प्लास्टिकचं एक टोक सुटलं की ते शिडासारखं फुगतं आणि युनिटला ओढतं. आत दमट हवा कोंडून कॉइल (उष्णता बाहेर टाकणारी नळ्यांची जाळी) गंजते, उंदीर घर करतात ते वेगळंच. खरी भीती उडून येणाऱ्या वस्तूंची. तेव्हा गच्चीवरच्या कुंड्या, पत्रे, रिकामे डबे आधी खाली न्या. गारांचा इशारा असेल तर वर आणि कॉइलच्या बाजूला प्लायवूड घट्ट बांधा, पण तेवढ्या काही तासांपुरतंच. प्लायवूड बांधलेलं असताना एसी चुकूनही चालवू नका. हवा कोंडली की कॉम्प्रेसर तापतो.

स्टॅबिलायझरवर विसंबू नका. तो व्होल्टेजचे चढउतार सांभाळतो. विजेचा लोळ तारांमधून येतो तो सेकंदाच्या लक्षांश भागात, आणि स्टॅबिलायझरचा रिले, म्हणजे आतला स्विच, हलेपर्यंत एसीचा पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) जळून गेलेला असतो. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (असा अचानक आलेला विजेचा झोत जमिनीत वळवणारं उपकरण) बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या, कारण अर्थिंग नीट नसेल तर तोही निरुपयोगी. वादळाआधी एसीचा एमसीबीच (बोर्डातला वीज तोडणारा खटका) खाली पाडा. रिमोटनं बंद केलेल्या एसीपर्यंत वीज पोचलेलीच असते.

वादळ ओसरलं की लगेच एसी सुरू करण्याची घाई नको. युनिट कललं आहे का, वायर सोललेली आहे का, पंख्याच्या जाळीत काही अडकलं आहे का ते बाहेरूनच पाहा. पाईपच्या जोडांवर तेलाचा डाग असेल तर गॅस गळतो आहे. बऱ्याच नव्या एसींत आर-३२ हा पेट घेऊ शकणारा गॅस असतो, म्हणून तिथे काडी किंवा लायटर पेटवू नका. झाकण स्वतः उघडू नका, वीज बंद असली तरी कपॅसिटरमध्ये चार्ज साठलेला असू शकतो. युनिट पाण्यात बुडालं असेल किंवा आडवं पडलं असेल, तर मेकॅनिक येऊन तपासेपर्यंत एमसीबी खालीच राहू द्या. फिन्स (कॉइलवरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) थोड्या मुडपल्या असतील तर काळजीचं कारण नाही, त्या सरळ करायचा बारीक कंगवा मेकॅनिककडे असतो.