भारताने उपग्रह न फिरवता स्थिर ठेवण्याचे तंत्र पहिल्यांदा कोणत्या उपग्रहावर तपासले?

ॲपल या प्रायोगिक दळणवळण उपग्रहावर. १९ जून १९८१ रोजी एरियन रॉकेटने तो फ्रेंच गयानातल्या कुरू इथून गेला.

त्याआधीचे आर्यभट (१९७५) आणि भास्कर (१९७९) भोवऱ्यासारखे स्वतःभोवती फिरत आणि त्या फिरण्यानेच तोल सांभाळत. सोपी युक्ती, पण दळणवळण उपग्रहाचा अँटेना सतत पृथ्वीकडे रोखलेला हवा. म्हणून ॲपलमध्ये सबंध उपग्रहाऐवजी आत एक जड चाक वेगाने फिरत ठेवलं. चाक आपला अक्ष सहजी सोडत नाही, त्यामुळे उपग्रहाला बैठक मिळते. चाकाचा वेग किंचित कमी-जास्त केला की उपग्रह त्या अक्षाभोवती हवा तसा वळतो. उरलेली दुरुस्ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर रेटा देणारी विद्युत कुंडलं आणि हायड्रॅझिन या इंधनावर चालणारे छोटे थ्रस्टर (धक्का देणारी इंजिनं) करतात.

खरी कसोटी मात्र वेगळीच लागली. दोनपैकी एक सौर पंख उघडलाच नाही! वीज कमी, वर त्या बाजूला तापमानाचा त्रास. तरीही ॲपल सुमारे २७ महिने चालला. बैलगाडीवरच्या उपग्रहाचा तो प्रसिद्ध फोटो याचाच. लाकडी गाडी घेतली कारण अँटेनाच्या चाचणीत धातूचा अडथळा नको होता.