सांगलीतील केबल वाहिनीसाठी चित्रपटांचा परवाना घेताना ‘डिजिटल आउटपुटवर कॉपी-संरक्षण असावे’ ही अट स्वीकारावी का?

स्वीकारावी, परंतु तिची शब्दरचना तपासल्याशिवाय मुळीच नाही. ही अट मुख्यतः सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआय जोडणीसाठी (टीव्हीला जाणाऱ्या डिजिटल तारेसाठी) असते. तेथे एचडीसीपी ही प्रणाली बॉक्स आणि टीव्ही यांची परस्पर ओळख पटवून चित्र कूटबद्ध स्वरूपात पाठवते व ओळख न पटल्यास चित्र रोखते. 4के चित्रपटांसाठी हक्कधारक सहसा एचडीसीपी 2.2 ही आवृत्ती मागतात, जी जुन्या बॉक्समध्ये बहुधा नसते. म्हणून मिरज-तासगावकडील ग्राहकांच्या घरी आधीच बसवलेल्या बॉक्सना सूट किंवा बदलासाठी पुरेशी मुदत लेखी मागावी. लहान चालकाला हा खर्च खरोखर जड जातो. ॲनालॉग आउटपुटला (जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांच्या जोडणीला) एचडीसीपी लागू होत नाही, त्याचा उल्लेख वेगळा हवा.

कॉपीराइट कायद्यात 2012 साली आलेले कलम 65अ हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगते. संरक्षण बसवण्याची तुमची जबाबदारी मात्र या कलमातून नव्हे, तर मुख्यतः करारातून येते. त्यामुळे तुमची चूक नसताना प्रणालीच कोणी भेदल्यास भरपाई तुमच्यावर येणार नाही, हे वाक्य करारात असल्याशिवाय सही करू नये.