‘ध’चा ‘मा’ नेमका कुणी केला?

नाशिकच्या आनंदवल्लीत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आनंदीबाईंवरून आला, तर स्त्रियांच्या इतिहासावर लिहिताना तो वापरावा का? त्यांच्या लेखातलं एक वाक्यही त्यांनी पाठवलंय: ‘या कथेत आनंदीबाई मूक आहेत.’

ताई, अर्थ आधी. अक्षर फिरवून मजकुराचा अर्थ पालटणं, तेही मुद्दाम. हल्ली कुणी अर्धवट ऐकून भलतंच सांगितलं तरी ‘ध चा मा केला’ म्हणतात. मला ते पटत नाही. कावा नसेल तर वाक्प्रचारात उरतं काय?

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. गारद्यांना, म्हणजे भाडोत्री शिपायांना, दिलेल्या हुकमात नारायणराव पेशव्यांचे काका रघुनाथरावांनी ‘नारायणरावास धरावे’ लिहिलं, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून पडला. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते रघुनाथरावांना. बोलीत मात्र सगळं खापर काकूंच्या माथी. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासातही अक्षर आनंदीबाईंनी बदललं असं ‘सर्वत्र मानलं जातं’, एवढ्यावरच भागवलंय. मानणारे कोण, ते नाही. आता ‘धरावे’, ‘मारावे’ ही रूपं बघा. दोन्हीकडे भावे प्रयोग, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही आणि कर्माप्रमाणेही नाही. शिवाय इथे कर्ता न सांगताही वाक्य पुरं होतं. धरायचं कुणी, मारायचं कुणी, चकार शब्द नाही. वाक्प्रचारातही कुणाचं नाव नाही, तरी ऐकणारा रिकाम्या जागी बाईच बसवतो.

तेव्हा रोजच्या बोलण्यात खुशाल वापरा. ‘बातमीदाराने माझ्या बोलण्याचा ध चा मा केला’ यात कुणावर अन्याय नाही. इतिहास लिहिताना मात्र ‘आनंदीबाईंनी ध चा मा केला’ असं ठोकून देऊ नका. ‘केल्याचा आळ त्यांच्यावर आला’ असं लिहा.

आणि ते ‘मूक’ काढाच. मूक म्हटलं की उणीव त्या बाईत आहे असं वाटतं. तुमच्याच गंगापूरला राहिलेल्या गोपिकाबाईंनी, म्हणजे नारायणरावांच्या आईंनी, सवाई माधवरावांना, म्हणजे नातवाला, राज्यकारभाराचा उपदेश लिहून पाठवला होता. पेशव्यांच्या घरातल्या बायका लिहीत होत्या, बोलत होत्या, चांगल्या ठणकावून. ‘या कथेत आनंदीबाईंची बाजू आलेली नाही’ असं लिहिलंत, तर न सांगण्याची जबाबदारी कथा सांगणाऱ्यांकडे जाते.