वजन राहू दे, आधी पाळीचं बोल

ताई, मी 29 वर्षांची. दोन वर्षांपूर्वी पीसीओएस (ओव्हरी आणि हार्मोन्सचा त्रास) निघालं, डॉक्टर म्हणाले वजन कमी कर मग ये. 78 वरून 74 वर आले, आता काटा हलतच नाहीये. बहीण रोज नवीन डाएट पाठवते, तिला काहीही खाल्लं तरी चालतं. हनुवटीवरचे केस उपटून उपटून त्वचा खराब झालीये, मान कितीही घासली तरी काळीच. गोळ्या मीच बंद केल्या. सात महिने पाळी नाही पण त्याचा काही त्रास नाही, उलट सुटसुटीत वाटतं. 68 झाले की डॉक्टरकडे जाणारच आहे. तोवर बहिणीला गप्प कसं करू?
– काट्यावर अडकलेली

अगं, बहिणीचं राहू दे. सात महिने पाळी नाही हे तू केस, मान आणि बहिणीच्या गर्दीत जाता जाता लिहून टाकलंस आणि वर सुटसुटीत वाटतं म्हणतेस. मला तुझ्या पत्रात तेवढंच वाक्य दिसतंय. राग आलाय तुझा, आणि जीवही तुटतोय.

नीट ऐक. इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे गर्भाशयाच्या आत अस्तर तयार होत असतं, बीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन बनतं, आणि त्याचं प्रमाण कमी झालं की अस्तर गळून पडतं, तीच पाळी. पीसीओएसमध्ये बीज वेळच्या वेळी बाहेर पडत नाही, मग प्रोजेस्टेरॉन बनत नाही पण इस्ट्रोजेन चालूच राहतं, आणि ते अस्तर महिनोन्महिने नुसतं जाड होत बसतं. मग कधीतरी एकदम इतकं अंगावर जातं की थांबता थांबत नाही. आणि वर्षानुवर्षं असंच सोडून दिलं तर त्या अस्तराच्या पेशी बदलू शकतात, गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तुझ्या वयात तो मुळात कमी असतो, त्यामुळे घाबरून रात्र जागू नकोस, पण तीन महिने पाळी आली नाही की दाखवायचं असतं आणि तुझे सात झालेत. यावर साधा उपाय आहे गं, प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या थोडे दिवस देतात, त्या बंद केल्या की पाळी येते, अस्तर निघून जातं. त्यासाठी कुठलंही वजन गाठावं लागत नाही.

त्या डॉक्टरांचं 'वजन कमी कर मग ये' हे साफ चुकीचं होतं. वजन कमी झालं की फायदा होतो हे खरंय, पाच टक्के कमी झालं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते. पण 78 चे पाच टक्के म्हणजे जेमतेम चार किलो, म्हणजे ते तू केव्हाच करून बसलीयेस! तरी पाळी आली नाही, मग आता औषधाची गरज आहे, अजून सहा किलोची वाट बघायची नाही. आणि बारीक बायकांनाही पीसीओएस असतं, त्यांना हे डॉक्टर काय सांगणार होते? पीसीओएसवरच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये तर स्पष्ट म्हटलंय की वजनाचा विषय काढायच्या आधी पेशंटला विचारा. त्याच सूचनांमध्ये हेही आहे की पीसीओएससाठी अमुक एक डाएट दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेलं नाही. बहिणीला हे पाठवून दे, विषय संपला.

मान घासणं आजपासून बंद. तो मळ नाहीये, शरीरात इन्सुलिन जास्त झालं की तिथली त्वचा अशी जाड आणि काळपट होते, ब्रशने फक्त सोलवटेल. तेच जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं आणि हनुवटीवरचे केस त्यातूनच येतात. म्हणून शुगर तपासताना नुसती उपाशीपोटीची नको, 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती टेस्ट करायची का ते विचार. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोनही बघतील, कारण पाळी त्यामुळेही लांबते. गोळ्या का बंद केल्यास तेही खरं सांग. केसांसाठी म्हणून घेत असशील तर सहा महिने तरी द्यावे लागतात, महिनाभरात फरक दिसत नाही म्हणून अनेक जणी सोडतात. त्या झेपत नसतील तर दुसऱ्या असतात, इन्सुलिनसाठीची मेटफॉर्मिन आहे, पण हे डॉक्टरसमोर बसून ठरवायचं, मनाने नाही.

तर या आठवड्यात गायनॅककडे जायचं. 68 झाल्यावर नाही, आत्ता, 74 किलोची जशी आहेस तशी. आधीच्या डॉक्टरकडे जायला मन होत नसेल तर दुसरा गाठ. प्रेग्नन्सीची थोडी जरी शक्यता असेल तर आधी घरी टेस्ट कर, पीसीओएस आहे म्हणून दिवस राहणारच नाहीत असं नसतं. आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोलायचं: मला सात महिने पाळी आलेली नाही. केस, मान, वजन सगळं त्यानंतर. तरी ते परत काट्याकडे वळले तर सरळ विचार, 'माझ्या अस्तराचं काय करायचं?' आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नकोस.

अपॉइंटमेंट मिळाली की मला तारीख कळव, मी वाट बघतेय.