गॅमा स्फोट दिसला म्हणजे तारा फुटलाच असं नाही

गॅमा किरणांचा स्फोट, म्हणजे दूर अवकाशातून अचानक येणारा गॅमा किरणांचा लोट, म्हटलं की लगेच ‘तारा फुटला’ म्हणून मोकळा होऊ नकोस. सुरुवातीला मीही तेच करायचो.

आधी २९ मार्च २००३ चा स्फोट नीट अभ्यास. अंतर सुमारे २०० कोटी प्रकाशवर्षं. पहिले काही दिवस वर्णपट (प्रकाश रंगांत विभागून काढलेला आलेख) जवळपास सपाट, नुसता स्फोटातून सुटलेल्या अतिवेगवान झोताचा मागे उरलेला उजेड. तो ओसरू लागला तसे साधारण आठवडाभरात त्यातून रुंद उंचवटे वर आले, आणि ते १९९८ मध्ये दिसलेल्या एका अतिनवताऱ्याशी (सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेला तारा) चक्क जुळले! हायड्रोजनचा मागमूस नाही, हेलियमही नाही. म्हणजे बाहेरचे थर आधीच गमावलेला तारा. उंचवटे रुंद, कारण माल सेकंदाला तीस हजार किलोमीटरहून जास्त वेगाने उडत होता.

उलट दिशेने मात्र हे चालत नाही. बहुतेक अतिनवताऱ्यांसोबत असा स्फोट दिसतच नाही. झोत चिंचोळा, आपल्याकडे रोखलेला असेल तरच कळणार.

दोन सेकंदांपेक्षा लांब तो ताऱ्याचा, आखूड तो न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे) टकरीचा, ही मोजपट्टी कामचलाऊ समज. डिसेंबर २०२१ मधला एक स्फोट मिनिटभराच्या आसपास चालला, आणि मागे खूण सापडली न्यूट्रॉन ताऱ्याच्या टकरीसारखी.