८० हजार पॉइंट आणि सिंगापूरची दोन तिकिटं: ट्रान्स्फर करावं का?

प्रश्न: माझ्या एचडीएफसी रेगालिया गोल्ड कार्डावर ८०,००० पॉइंट जमलेत. मुलगी सिंगापूरला असते, आम्ही दोघं डिसेंबरमध्ये मुंबईहून तिच्याकडे जाणार आहोत. ऑफिसात सगळे म्हणतात, पॉइंट सिंगापूर एअरलाइन्सच्या खात्यात ट्रान्स्फर करून टाका, फुकटात जाल. करू का?

उत्तर:

नका करू, निदान आत्ता तरी नका. तुमचं कार्ड, तुमचा रूट आणि तुम्ही निवडलेला महिना, तिन्ही ट्रान्स्फरच्या विरोधात जातात. ऑफिसातली मंडळी खोटं सांगत नसतील, पण ती बहुधा दुसऱ्याच कुठल्या कार्डाबद्दल बोलतायत.

रेगालिया गोल्डचे २ पॉइंट दिले की एअरलाइनचा १ माइल, म्हणजे तिचा स्वतःचा पॉइंट, मिळतो. म्हणजे बटण दाबलं की तुमच्या ८०,००० चे ४०,००० झाले. त्याच बँकेच्या इन्फिनिया कार्डाला बऱ्याच एअरलाइन्सकडे एकास एक मिळतं. ॲक्सिसच्या ॲटलास कार्डाचं तर उलटंच आहे, तिथे १ दिला की पलीकडे बहुतेक ठिकाणी २ जमा होतात. त्यामुळे ‘पॉइंट ट्रान्स्फर करा’ हा सल्ला कार्डाचं नाव विचारल्याशिवाय कुणी देत असेल तर तो सोडून द्यायचा.

आता हिशोब. तुमचे पॉइंट स्मार्टबायवर, म्हणजे एचडीएफसीच्याच पोर्टलवर, विमानाच्या तिकिटासाठी वापरले तर एका पॉइंटचे ५० पैसे धरतात. स्टेटमेंटमध्ये वळते करून, म्हणजे कार्डाच्या बिलातून वजा करून घेतले तर फक्त २० पैसे, त्या वाटेला जाऊच नका. म्हणजे ५० पैसे ही तुमची घरातली किंमत झाली. ट्रान्स्फर करून यापेक्षा जास्त सुटत असतील तरच पुढे विचार करायचा.

माइलची किंमत काढायची रीत साधी आहे. रोख तिकिटाच्या किमतीतून, माइल्सच्या तिकिटावरही जो कर खिशातून भरावा लागतो तो वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला माइल्सनी भागायचं. मुंबई-सिंगापूर इकॉनॉमी, सिंगापूर एअरलाइन्सचा सगळ्यात स्वस्त म्हणजे सेव्हर दर, एका बाजूला वीस हजार माइल्स धरू. जाऊन-येऊन ४०,०००. समजा रोख तिकीट ३०,००० रुपये आहे आणि माइल्सच्या तिकिटावर कर ७,०००. राहिले २३,००० रुपये. भागिले ४०,०००, म्हणजे माइलला ५७ पैसे. पण तुम्हाला एक माइल दोन पॉइंटना पडलाय, म्हणून पॉइंटला जेमतेम २९ पैसे. घरात ५० पैशाला जाणारी वस्तू तुम्ही २९ ला देताय.

पूर्ण सहलीच्या पातळीवर बघा, म्हणजे फरक डोळ्यात भरेल. ट्रान्स्फर केलं तर एकाचं तिकीट माइल्सवर निघेल, त्याचे ७,००० कर, आणि दुसऱ्याचं रोख ३०,०००. खिशातून गेले ३७,०००. स्मार्टबायवर तिकिटाच्या किमतीचा ७० टक्केच भाग पॉइंटनी भरता येतो. पहिल्या तिकिटाचे २१,००० रुपये ४२,००० पॉइंटनी भरले, वरचे ९,००० कार्डावर. दुसऱ्याला राहिलेले ३८,००० पॉइंट लावले की १९,००० सुटले, ११,००० भरायचे. दोघांचे मिळून २०,०००. सतरा हजारांचा फरक पडतो, आणि तोही कुठल्या एअरलाइनने जायचं, कुठल्या तारखेला जायचं हे सगळं तुमच्या हातात ठेवून. शिवाय ही रोख भाड्याची तिकिटं असल्यामुळे एअरलाइनचे माइल्स त्यांवर मिळू शकतात. माइल्सच्या तिकिटावर मिळत नाहीत, हा मुद्दा लोक सोयीस्कर विसरतात.

एक अडचण आहे. या कार्डावर महिन्याला ५०,००० पॉइंटच विमान-हॉटेलसाठी वापरता येतात. ती कॅलेंडर महिन्याची मर्यादा आहे, म्हणून एक तिकीट महिन्याच्या ३० तारखेला काढा आणि दुसरं १ तारखेला. पीएनआर वेगळे येतील, तेव्हा शेजारच्या सीट आठवणीने निवडून घ्या. आणि पैसे भरण्याआधी तीच फ्लाइट एअरलाइनच्या साइटवर केवढ्याला आहे ते ताडून बघा. पोर्टलवर हजार-दोन हजार चढे असले तर तुमचा ५० पैशांचा हिशोब तेवढा खाली येतो.

तुम्ही म्हणाल, डिसेंबरमध्ये भाडं ३०,००० कुठलं, ४५,००० असतं. बरोबर आहे. ४५,००० धरलं तर पॉइंटला साडेसत्तेचाळीस पैसे येतात, म्हणजे जवळपास बरोबरी. पण खरी गोम इथेच आहे. भाडं जेव्हा ४५,००० असतं, तेव्हा सेव्हरच्या सीट नसतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबर संपेपर्यंत सिंगापूरच्या शाळांना मोठी सुट्टी, त्यात नाताळ आणि आपल्याकडचे परदेश सहलीला निघालेले लोक. साइटवर ‘रिडीम फ्लाइट्स’ निवडून तारीख टाका. सेव्हरच्या रकान्यात ‘वेटलिस्ट’ दिसेल आणि शेजारी ॲडव्हांटेज नावाचा, बराच जास्त माइल्स मागणारा दर उघडा असेल. वेटलिस्टवर नाव घालून ठेवता येतं, पण ती मिळेलच याची हमी कुणी देत नाही. मुलीकडे नाताळ साजरा करायला जायचं असेल तर वेटलिस्टवर भिस्त ठेवू नका. माइल्सवरच जायचं असेल तर सुमारे ३५५ दिवस आधी सीट खुल्या होतात, तेव्हा बसून शोधायचं. एवढ्या आधी आपली रजाही ठरलेली नसते, हा भाग वेगळा.

सिंगापूर एअरलाइन्सची ‘स्पॉन्टेनियस एस्केप्स’ नावाची योजना दर महिन्याला येते, पुढच्या महिन्याच्या प्रवासासाठी काही ठरावीक मार्गांवर ३० टक्के कमी माइल्स. निवृत्त माणसासाठी छान, कारण उठलं की निघता येतं. पण ती तिकिटं रद्द किंवा बदल करता येत नाहीत, आणि तुमचा मार्ग त्या महिन्यात यादीत असेलच असं नाही.

मग लोक ट्रान्स्फर करतात कशाला? बिझनेस क्लाससाठी. तिथे गणित पालटतं, कारण रोख भाडं इकॉनॉमीच्या चौपट-पाचपट चढतं आणि माइल्स त्या प्रमाणात चढत नाहीत. इन्फिनियाच्या एकास एक दराने माइलला दोन-तीन रुपये सुटू शकतात आणि स्मार्टबायवर त्या कार्डाचा पॉइंट १ रुपयाला जातो. तुमच्या दोनास एक दरानेही तिथे फायदा निघेल, पण ४०,००० माइल्समध्ये दोघांचं बिझनेसचं जाणं-येणं होणार नाही. दुसरी जागा म्हणजे एकेरी तिकीट. परदेशाचं एकेरी तिकीट बऱ्याच एअरलाइन्स दुहेरीच्या निम्म्यात देत नाहीत, माइल्सवर मात्र ते सरळ निम्मं असतं. मुलीकडे तीन महिने राहून परतीची तारीख नंतर ठरवणाऱ्या आई-वडिलांना हे फार उपयोगी पडतं. तिसरं, ऐन वेळी जायची पाळी आली की रोख भाडं आकाशाला भिडलेलं असतं आणि माइल्सचा दर कधीकधी होता तिथेच असतो.

एक गोष्ट सिंगापूर एअरलाइन्सच्या बाजूने सांगायला हवी. ही एअरलाइन स्वतःच्या फ्लाइटच्या माइल्स-तिकिटावर २०१७ पासून इंधन अधिभार लावत नाही, त्यामुळे वरचा खर्च आटोक्यात राहतो. मुंबई-लंडन ब्रिटिश एअरवेज किंवा व्हर्जिन अटलांटिकने माइल्सवर काढायला गेलात तर अधिभार एवढा लागतो की इकॉनॉमीत ‘फुकट’ हा शब्द तोंडातून निघत नाही. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन या माइल्स योजनेतून काढलेल्या तिकिटाला हा अधिभार लागत नाही. आणि एअर कॅनडा ज्यात आहे त्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात एअर इंडियाही २०१४ पासून असल्यामुळे एरोप्लॅनचे पॉइंट एअर इंडियाच्या फ्लाइटवरही चालतात. माइल्स ज्या कंपनीचे, त्याच कंपनीच्या विमानात बसावं लागतं हा समज काढून टाका. अनेकदा दुसऱ्याच कंपनीच्या खात्यातून तीच सीट स्वस्तात निघते.

‘आत्ता ट्रान्स्फर करून ठेवतो, पुढे बघू’ असं मनात असेल तर तेही नको. ट्रान्स्फर झालेले माइल्स बँकेत परत येत नाहीत. बँकेत असेपर्यंत पॉइंटचं तिकीट, हॉटेल किंवा बऱ्याच एअरलाइन्सपैकी कुठल्याही एकीचे माइल्स होऊ शकतात. एकदा गेले की एकाच दुकानाचं कूपन. त्या दुकानाने भाव वाढवला तर तक्रार कुणाकडे करणार? टर्किश एअरलाइन्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये माइल्सचे दर एकदम वाढवले. व्हर्जिनने ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरीव तक्ता सोडून मागणीप्रमाणे दर लावायला सुरुवात केली. ज्यांनी आधीच भरून ठेवले होते, ते बघत बसले.

पण बँकाही काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. ॲक्सिसच्या मॅग्नस कार्डाला ५ पॉइंटला ४ माइल्स मिळायचे, १ सप्टेंबर २०२३ पासून साध्या मॅग्नसला ५ ला २ झाले. ज्याच्याकडे एक लाख पॉइंट होते त्याचे ८०,००० माइल्स व्हायचे, ते एका तारखेत ४०,००० वर आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ॲटलासचे पॉइंट जिथे जातात त्या कंपन्यांचे दोन गट पाडले आणि एका गटाला वर्षाला ३०,००० पॉइंटची मर्यादा घातली. लोकांना हव्या असलेल्या कंपन्या नेमक्या त्याच गटात. म्हणून साठवून ठेवण्यातही शहाणपण नाही. वर्षभरात कुठे जायचंय तेवढे जमले की वापरून मोकळं व्हायचं. तुमच्या कार्डाच्या पॉइंटना दोन वर्षांची मुदत आहे, त्यातले जुने कधी संपतायत ते आजच बघून घ्या.

कधी पुढेमागे ट्रान्स्फर करायची वेळ आलीच तर क्रम असा ठेवा. आधी एअरलाइनचं खातं उघडा, ते फुकट असतं. त्यात शिरून हवी ती सीट प्रत्यक्ष दिसतेय याची खात्री करा. मग लागतील तेवढेच पॉइंट वळवा, सगळे नाहीत. काही कंपन्यांकडे ते काही मिनिटांत पोचतात, काहींकडे आठवडा जातो आणि तेवढ्यात सीट उडते, हा धोका धरून चालायचा. नावाचं जरा सांभाळा. आपल्याकडे बँकेत ‘स्वतःचं, वडिलांचं, आडनाव’ असं तिन्ही लिहिलेलं असतं आणि एअरलाइनच्या खात्यात आपण नाव-आडनाव टाकून मोकळे होतो. बायकांच्या बाबतीत तर कार्ड सासरच्या नावाने आणि पासपोर्ट माहेरच्या, असंही असतं. नावं जुळली नाहीत की ट्रान्स्फर अडकते आणि मग बँक एअरलाइनकडे बोट दाखवते, एअरलाइन बँकेकडे. पासपोर्टवर जसं आहे तसंच दोन्हीकडे ठेवा. आणि तुमच्या कार्डाचे पॉइंट तुमच्याच नावाच्या खात्यात जातील, मिसेसच्या नाही. त्यांचं तिकीट तुमच्या माइल्सवर काढायचं असेल तर सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर खात्यात त्यांना ‘नॉमिनी’ म्हणून जोडावं लागतं. असे पाच जणच जोडता येतात. क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांनी संपतात.

या नॉमिनीवरूनच तुम्हाला एक विचारायचं होतं. तुमची मुलगी सिंगापूरला नोकरी करते ना? तिथल्या बहुतेक बँकांच्या कार्डांचे पॉइंट क्रिसफ्लायरमध्ये जातात, आणि तिथे राहणारी माणसं ते भरपूर जमवतात. कदाचित तिच्या खात्यात आधीच पुरेसे माइल्स पडून असतील. ती तुम्हा दोघांना तिची नॉमिनी करून तिथूनच तुमची तिकिटं काढू शकते. तसं झालं तर तुमचे ८० हजार पॉइंट दिवाळीत आणखी कुठे जायला राहतील. आज फोन कराल तेव्हा विचारून बघा, आणि तिच्याकडे किती आहेत ते खाली कमेंटमध्ये लिहा, मग डिसेंबरच्या तारखा धरून पुन्हा हिशोब करून देतो.