'कोड' म्हणावं की 'डाग'? आणि कोडकौतुकातलं कोड कुठलं?

एका मुलीने विचारलंय, थोडक्यात असं की तिच्या हातांवर आणि ओठाच्या कडेला कोड आहे, घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही, 'ते' म्हणतात नाहीतर 'पांढरे डाग'. आता तिने ऑफिसला जाताना फुल बाह्या आणि कन्सीलर दोन्ही बंद करायचं ठरवलंय, 'मी लाज सोडली' असं ती लिहिते. तर कुणी विचारलं की काय सांगू, 'कोड' शब्द वाईट आहे का, आणि कोडकौतुकातलं कोड हेच का?

शेवटचं आधी घेते. नाही, दोन्ही वेगळे शब्द आहेत, फक्त मराठीत येईपर्यंत उच्चार सारखा झाला. त्वचेचं कोड आलं संस्कृत कुष्ठ, मग प्राकृत कोढ यावरून. लाडाचं कोड आलं प्राकृत 'कोड्ड'वरून, त्याचा अर्थ कौतुक, कुतूहल, म्हणून आपण लेकराचं 'कोड पुरवतो'.

आता खरा घोळ पहिल्या कोडात आहे. हिंदीत कोढ म्हणजे कुष्ठरोग, आणि मराठीत मात्र कुष्ठरोगाला महारोग, रक्तपिती असे वेगळे शब्द होते नि कोड हा शब्द पांढऱ्या त्वचेसाठीच राहिला. पण मूळ कुष्ठाची भीती त्याच्यासोबत चिकटून आली ती आली. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरने 1873 मध्ये तो जंतू शोधला, आणि त्यातल्या चट्ट्यावर बधिरपणा असतो. कोडात जंतूबिंतू काही नाही, त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराचीच प्रतिकारशक्ती मारते, स्पर्श नीट कळतो आणि लागण होत नाही. मासे खाऊन वर दूध प्यायलं की कोड फुटतं हे आपल्याकडे किती घरांत आजही पोरांना सांगतात, त्यालाही आधार नाही, पण त्या एका वाक्याने काय होतं बघा, कोड हा आजार न राहता तुमच्या किंवा तुमच्या आईच्या चुकीची शिक्षा होऊन बसतो. लाज तिथून येते.

म्हणूनच 'डाग' मला जास्त खटकतो. सौम्य म्हणून वापरतात खरा, पण मराठीत डाग लागतो, धुवावा लागतो, नाहीतर चारित्र्यावर पडतो, म्हणजे कुठेतरी काहीतरी मळलंय हे त्यात गृहीतच. 'श्वेतकुष्ठ' तर नकोच, तो नको ते कुष्ठ परत आणतो. 'कोडी' म्हणू नये, सगळा माणूस एका चट्ट्यात कोंबतो तो शब्द. डॉक्टरांचा व्हिटिलिगो चालेल, 25 जूनला त्याचा जागतिक दिवसही असतो, पण समोरच्या मावशींना तो कळेलच असं नाही आणि मग पुन्हा समजावत बसा.

माझं मत सरळ आहे, कोड म्हणा. 'मला कोड आहे, रंग गेलाय तेवढा, लागत नाही कुणाला.' मोठ्याने, नेहमीच्या आवाजात. हा शब्द कुजबुजण्यासाठीच वापरला गेला म्हणून वाईट वाटतो, आणि ज्यांना कोड आहे त्यांनी तो चारचौघांत साधेपणाने वापरला तरच त्याची धार जाईल, दुसऱ्या कुणाच्या हातात ते नाही. हे बोलणं सोपं नाहीये हे मला माहितीय, पहिल्यांदा घसा कोरडा पडेल.

फक्त 'लाज सोडली' म्हणू नका हो. मराठीत लाज सोडतो तो निर्लज्ज, म्हणजे लाज वाटायला हवी होती असंच तुम्ही कबूल करताय. तुम्ही जे करताय त्याला 'भीड चेपणे' म्हणतात. भीड एकदम जात नाही, लोकांत वावरून, चार नजरा अंगावर घेऊन हळूहळू चेपते, आणि एखाद्या दिवशी परत वर आली आणि तुम्ही पुन्हा फुल बाह्या घातल्यात तरी काही बिघडलं नाही, तेवढं स्वतःचं कोड तुम्ही पुरवायलाच हवं.